दहावा गडी

1869 सालचं एक छापील चित्र आहे, सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज या बेसबॉल क्लबचं. पाच जण उभे, चार जण बसलेले, गुडघ्यापर्यंतच्या पँटी आणि त्याखाली लाल मोजे. चित्राच्या नावातच 'फर्स्ट नाईन' असं आहे, म्हणजे पहिले नऊ. तेव्हा टीमला सरळ 'नाईन'च म्हणायचे, आपण क्रिकेटच्या टीमला इलेव्हन म्हणतो तसं. अमेरिकेत उघडपणे सगळ्यांना पगार देऊन उभी केलेली ही पहिली टीम, त्यामुळे इथे सिनसिनाटीत या नऊ जणांचं फार कौतुक आहे, आणि असायलाच हवं.

पण मी जेव्हा या टीमच्या पगाराचे आकडे वाचले तेव्हा अडखळलो, कारण त्यात नावं दहा होती. चित्रात नऊ आणि पगारपत्रकात दहा. दहावं नाव डिक हर्ली, काम सबस्टिट्यूट, पगार 600 डॉलर. त्या दिवसापासून हा माणूस माझ्या डोक्यातून गेलेला नाही, आणि का गेला नाही ते सांगायला मला आधी थोडं बेसबॉलबद्दल आणि मग थोडं खो-खोबद्दल बोलावं लागेल.

1869 च्या आधी बेसबॉल हा कागदोपत्री हौशी लोकांचा खेळ होता. कागदोपत्री अशासाठी की चांगल्या खेळाडूच्या हातावर गुपचूप पैसे टेकवले जायचे किंवा कुठेतरी नावापुरती नोकरी दिली जायची, सगळ्यांना माहीत आणि कोणी बोलायचं नाही. मग 1869 च्या सिझनपासून क्लबांच्या संघटनेने पगारी खेळाडूंना उघड परवानगी दिली आणि सिनसिनाटीने झटकन पूर्ण टीमच पगारावर घेतली. 15 मार्च ते 15 नोव्हेंबर, आठ महिन्यांचा करार. कॅप्टन हॅरी राइट, जन्म इंग्लंडमधल्या शेफील्डचा, वडील न्यूयॉर्कमध्ये क्रिकेट क्लबचे प्रोफेशनल, आणि हा स्वतः सुद्धा सिनसिनाटीला आला तो क्रिकेटचा प्रोफेशनल म्हणून. तर अमेरिकेच्या पहिल्या पगारी बेसबॉल टीमचा बाप हा मुळात क्रिकेटवाला, हे कळल्यावर मला या सगळ्या गोष्टीबद्दल एकदम घरची ओढ वाटायला लागली.

हॅरीला 1200 डॉलर. त्याचा धाकटा भाऊ जॉर्ज राइट शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागी, खेळायचा, टीमचा हिरो, त्याला सगळ्यात जास्त म्हणजे 1400. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, एसा ब्रेनार्ड 1100, तिसऱ्या बेसवरचा फ्रेड वॉटरमन 1000. बाकी पाच जण, गोल्ड, स्वेझी, लेनर्ड, अ‍ॅलिसन आणि मॅकव्हे, प्रत्येकी 800. ही पोरं काय करत होती आधी? दोघं हॅट बनवणारे, एक संगमरवर कापणारा, एक पियानो कारखान्यातला, कोणी हिशेबनीस तर कोणी इन्शुरन्सवाला. मॅकव्हे तर विशीतही नव्हता. या नऊ जणांचे होतात 8700, त्यात हर्लीचे 600 मिळवले की 9300. म्हणजे हर्लीला बरोबर कॅप्टनच्या निम्मा पगार.

आता 600 आकडा बघून पटकन वाटतं की बिचाऱ्याला सगळ्यात कमी. मलाही तसंच वाटलं. पण नंतर विचार उलटा फिरला. तेव्हाचा नियम असा होता की मॅच सुरू झाली की बदली खेळाडू नाही, फक्त कोणी आजारी पडला किंवा जखमी झाला तरच. आजच्यासारखं कोच उठला आणि बॅटिंगला दुसऱ्याला पाठवलं, पिचर थकला म्हणून नवीन आणला, असलं काही नाही. ती मोकळीक पूर्णपणे मिळाली थेट 1891 ला. म्हणजे हर्लीचा करार झाला तेव्हाच सगळ्यांना माहीत होतं की नऊच्या नऊ धडधाकट असतील त्या दिवशी हा माणूस आत जाणारच नाही. तरी क्लबने त्याला आठ महिन्यांचा पगार ठरवला. हौशी टीममध्ये दहावा माणूस म्हणजे कोणाचा तरी मित्र, कोणाचा तरी मेव्हणा, आला तर आला. खेळणाऱ्याला पैसे देणं हे तर आधीही चोरून चालूच होतं, नवीन काय केलं सिनसिनाटीने, तर न खेळणाऱ्याला पैसे दिले, तयार राहण्याचे, वाट बघण्याचे. मला तर असं वाटतं की हा खेळ खऱ्या अर्थाने धंदा झाला तो जॉर्जच्या 1400 डॉलरमुळे नाही, हर्लीच्या 600 मुळे. आणि हे मी अगदी मनापासून म्हणतोय कारण त्या जागेवर मी बसलेलो आहे.

खो-खो. आमच्या वेळी टीम बाराची, मैदानात नऊ, तीन राखीव. बेसबॉलमध्ये पण नऊ आणि आपल्या खो-खोमध्ये पण नऊ, हा योगायोग मला फार आवडतो. मी दहावीत असताना सांगलीकडच्या आमच्या शाळेच्या टीममध्ये राखीव होतो. जिल्हा पातळीच्या स्पर्धा, तीन दिवस, एसटीने जायचं, तिथल्याच एका शाळेच्या वर्गात बाकं बाजूला सारून सतरंज्यांवर झोपायचं. खो-खो खेळलेल्यांना माहीत असेल, लाल मातीचं मैदान सकाळी पाणी मारून ठेवतात, त्याचा एक वास असतो, आणि पहिला डाव सुरू व्हायच्या आधी सगळे गुडघ्यांना क्रेप बँडेज बांधत बसलेले असतात. मीही बांधायचो. सरांचा नियम होता, राखीव खेळाडूने बुटाची नाडी सैल करायची नाही, सकाळी बांधली की शेवटची मॅच संपेपर्यंत. 

"सर, मी उतरणार आहे का आज?" असं मी पहिल्या दिवशी एकदाच विचारलं. 

सर मैदानाकडे बघतच म्हणाले, "तू तयार राहा. बाकीचं मी बघतो."

तर मी तीन दिवस तयार राहिलो. हे तयार राहणं काय असतं ते बाहेरून दिसत नाही. आपली तुकडी पळायला उतरली की तुम्ही त्यांच्याबरोबर मनातल्या मनात पळत असता, समोरचा खांबाकडे झेपावला की तुमच्या खांद्यात ताण येतो, खो दिल्याचा आवाज आला की बसल्या जागी पाय हलतो. कोणी सूर मारून उठला आणि हात झटकायला लागला की सगळी टीम काळजीने त्याच्याकडे बघते, आणि तुम्हीही काळजीनेच बघता, पण तुमच्या काळजीत दुसरं काहीतरी मिसळलेलं असतं आणि त्याची तुम्हाला लाज वाटते. आपल्याच मित्राचा घोटा मुरगळावा असं तुम्हाला वाटत नाही, अजिबात वाटत नाही, पण मुरगळलाच तर उठून उभं राहायला तुम्ही किती सेकंद घ्याल हे तुम्ही मोजून ठेवलेलं असतं. सोळाव्या वर्षी हे सगळं एकट्याने सोसायचं, कोणाला सांगता येत नाही.

मी उतरलो नाही. तिन्ही दिवस नाही. आमची टीम सेमीफायनलला हरली, घरी आलो, पिशवीतून कपडे काढून मोरीत टाकले. आई धुवायला बसली आणि माझी हाफ पँट, पांढरे मोजे हातात धरून बघत राहिली. लाल माती कुठेच नाही. गुडघ्यापाशी नाही, मोज्यांवर नाही. 

"मळलेच नाहीत की रे कपडे," ती म्हणाली. मग एकदम तिच्या लक्षात आलं असावं, कारण पुढे काही बोलली नाही. तिने ते कपडे इतर कपड्यांसारखेच साबण लावून, घासून, पिळून दोरीवर टाकले. न मळलेले कपडे तिने का घासले ते मी विचारलं नाही आणि आता विचारायला ती नाही.

म्हणून हर्ली.

आणि त्याची टीम कशी होती बघा. 1869 मध्ये ही टीम एकही मॅच हरली नाही. एकही. 57 विजय असा आकडा सगळीकडे सापडतो, आणि एक बरोबरी ट्रॉयच्या हेमेकर्स टीमबरोबर 17-17 अशी, ती पण ते लोक भांडण काढून मैदान सोडून गेले म्हणून. जूनमध्ये पूर्वेकडच्या दौऱ्यावर न्यूयॉर्क-ब्रुकलिनच्या भल्याभल्या क्लबांना लोळवलं, म्युच्युअल्सला 4-2, दुसऱ्या दिवशी अटलांटिक्सला 32-10, तिसऱ्या दिवशी एकफर्ड्सला 24-5. वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँटना भेटून आले. परत आले तर गावाने 27 फूट लांबीची लाकडी बॅट भेट दिली. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिका आरपार जोडणारी रेल्वे पूर्ण झाली होती, सप्टेंबरमध्ये ही टीम त्या रेल्वेने सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत गेली आणि तिथल्या टीमना 35-4, 76-5 असं हरवून आली. सगळा मिळून जवळजवळ 12,000 मैलांचा प्रवास, बहुतेक रेल्वेने. आणि एवढं करून वर्षाच्या शेवटी क्लबच्या तिजोरीत नफा उरला म्हणतात 1 डॉलर 39 सेंट. ज्या क्लबला पै न् पै अशी मोजावी लागत होती त्याने 600 डॉलर राखीव माणसासाठी बाजूला काढले होते, हे मी पुन्हा पुन्हा स्वतःला सांगतो.

का काढले असतील? बोटं. मला तरी वाटतं उत्तर बोटांत आहे. त्या काळी ग्लोव्ह नव्हते. हे वाक्य वाचायला सोपं आहे, पण बेसबॉलचा चेंडू हातात घेऊन बघा एकदा, मी मुलीसाठी आणला तेव्हा पहिल्यांदा घेतला, दगड आहे दगड. सीझन बॉल माहीत असलेल्या आपल्या लोकांना पटकन कळेल. पिचर 45 फुटांवरून खालून हात फिरवून टाकायचा, आजच्यासारखा खांद्यावरून नाही, तरी ब्रेनार्डचा वेग चांगलाच होता, आणि बॅट्समनच्या मागे डग अ‍ॅलिसन, संगमरवर कापणारा तो, उघड्या हातांनी ते सगळं झेलायचा. तोंडाला जाळी नाही, छातीला काही नाही. पुढच्या वर्षी 1870 मध्ये त्याने हाताला चामड्याचे मिटन, म्हणजे हातमोजे, घातले तर ती बातमी झाली. अशा खेळात रोज कोणाचं तरी बोट सुजणार, कोणाचं तरी नख जाणार, आणि तीन दिवसांत तीन मॅच असल्या की काय होणार? नऊची सेना आठवर आली तर हरण्यापेक्षा वाईट म्हणजे दौराच मोडणार, तिकिटाचे पैसे जाणार. हर्ली म्हणजे या सगळ्या बोटांचा विमा होता.

हॅरी राइट तर त्या नियमाच्या आत राहून काय काय जुळवायचा ते बघण्यासारखं आहे. ब्रेनार्डला मार बसायला लागला की बाहेरून पिचर आणता येत नाही, म्हणून हॅरी स्वतः सेंटर फील्डमधून चालत यायचा, ब्रेनार्डला आउटफील्डला पाठवायचा आणि स्वतः एकदम हळू, तरंगत येणारे चेंडू टाकायला लागायचा. वेगाला सरावलेले बॅट्समन गोंधळून जायचे. क्रिकेटमध्ये फास्ट बोलर काढून स्पिनर लावतात ना, तेच डोकं. म्हणजे बदली सुद्धा नऊच्या आतच व्हायची. दहावा माणूस हे सगळं बाहेरून बघायचा. मी कल्पना करतो की हर्लीला सगळ्या नवांच्या जागा पाठ असणार, कारण कोणाच्या जागी उभं राहावं लागेल हे सकाळी सांगता येत नाही. जॉर्ज राइटला फक्त जॉर्ज राइट व्हायचं होतं, याला नऊ जण व्हायची तयारी ठेवायची होती.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. पुढे 1880 च्या दशकात काही क्लब असे राखीव किंवा त्या दिवशी न खेळणारे खेळाडू चक्क गेटवर उभे करायचे, तिकिटं गोळा करायला. पगार देतोय ना, मग बसून कशाला राहायचं असा हिशेब. मला याचा राग येतो. बसून राहणं हेच काम आहे हे ज्याला कळत नाही त्याने टीम काढू नये. डोकं आणि शरीर तापलेलं ठेवून शांत बसणं हे गेटवर तिकिटं फाडता फाडता होत नाही, आमच्या सरांना हे कळत होतं, ते आम्हा राखीव पोरांना पाण्याचा ड्रम सुद्धा आणायला पाठवायचे नाहीत, ते काम त्यांनी दुसऱ्या मुलांना वाटून दिलेलं असायचं.

1870 चा सिझन आला तेव्हा नऊ जण तेच होते, पण राखीव जागेवर हर्ली नव्हता, हॅरी डीन नावाचा खेळाडू होता. त्यामुळे ती गाजलेली मॅच, 14 जून 1870, ब्रुकलिनच्या कॅपिटोलाइन ग्राउंडवरची, ती हर्लीच्या वाट्याला आली नाही. नऊ इनिंगनंतर 5-5. अटलांटिक्स बरोबरीवर खूश होते, हॅरी राइट म्हणाला पुढे खेळू. अकराव्या इनिंगमध्ये सिनसिनाटीने दोन रन काढले, अटलांटिक्सने तीन, 8-7, आणि 1869 पासून न हरलेली टीम हरली. त्या हरण्यानंतर गावातला उत्साह हळूहळू ओसरला, पैसे कमी पडायला लागले आणि वर्ष संपता संपता क्लबने ठरवलं की आता पगारी खेळाडू नकोत. हॅरी, जॉर्ज, गोल्ड आणि मॅकव्हे बॉस्टनला गेले आणि जाताना 'रेड स्टॉकिंग्ज' हे नाव पण घेऊन गेले. बाकीचे पाच गेले वॉशिंग्टनच्या ऑलिम्पिक्स क्लबमध्ये.

आणि 1872 मध्ये त्याच ऑलिम्पिक्सकडून डिक हर्ली पुन्हा दिसतो. तोपर्यंत पहिली प्रोफेशनल लीग सुरू झालेली होती, नॅशनल असोसिएशन. दोन मॅच खेळला. ऑलिम्पिक्स क्लब स्वतःच त्या सिझनमध्ये नऊ मॅच खेळून बंद पडला, त्यात दोन जिंकल्या आणि सात हरल्या. आज तुम्ही बेसबॉलची आकडेवारी उघडली तर हर्लीच्या नावापुढे ते एकच वर्ष आणि त्या दोनच मॅच मिळतात, कारण मोजणी 1871 पासून सुरू होते. ज्या आठ महिन्यांचे त्याला 600 डॉलर ठरले होते ते 1869 साल त्या तक्त्यात बसतच नाही. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही, खरंच सांगतो. कुठल्याही तक्त्यात न बसणारं ते वर्ष मला ओळखीचं वाटत होतं.

आम्ही राहतो ते गाव सिनसिनाटीच्या उत्तरेला, गाडीने अर्ध्या तासावर. रेड स्टॉकिंग्ज ज्या युनियन ग्राउंड्सवर खेळायचे ते मैदान आता नाही. त्या भागात युनियन टर्मिनल हे प्रचंड अर्धगोल रेल्वे स्टेशन आहे, 1933 साली उघडलेलं, आता त्यात म्युझियम आहेत, आणि समोर मोठं कारंजं. मागच्या उन्हाळ्यात मी मुलीला घेऊन गेलो. ती नऊ वर्षांची आहे, सॉफ्टबॉल खेळते, तिच्या वयाच्या लीगमध्ये सगळ्यांना बॅटिंग मिळते त्यामुळे राखीव म्हणजे काय ते तिला अजून समजावून सांगावं लागतं. मी तिला कारंज्यासमोरच्या हिरवळीवर जागा दाखवल्या, इथे पिचर समज, इथे तो उघड्या हाताने झेलणारा अ‍ॅलिसन, तिकडे लांब हॅरी राइट. नकाशा माझ्या मनातलाच होता, पण तिने सगळा ऐकून घेतला.

"आणि तो दहावा कुठे बसायचा, बाबा?"

मी इकडे तिकडे बघितलं. हिरवळीच्या कडेला एक झाड होतं, त्याची सावली पडली होती. तिथे, म्हटलं. ती पळत गेली आणि सावलीत जाऊन बसली, पाय पुढे पसरून, बरोबर आणलेला चेंडू मांडीवर घेऊन. तिच्या बुटाची एक नाडी सुटलेली होती. मी जवळ जाऊन खाली बसलो, ती नीट ओढून दोन गाठी मारून बांधली. ती काही विचारणार होती पण तेवढ्यात वाऱ्याने कारंज्याचं पाणी आमच्याकडे उडालं आणि ती हसत उठली. मग आम्ही आत डायनासोर बघायला गेलो.